फेरवजन

ताईच्या बाबांनी आयुष्यभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त केले आणि त्यातल्या एकावरही विश्वास ठेवला नाही. काटा सोनाराचा असो, रद्दीवाल्याचा असो, की तान्ह्या बाळांना तोलायचा असो, तो टेबलावर आला की बाबा आधी चष्म्यावरून त्याच्याकडे असे बघत, जणू तो उसने पैसे मागायला आला आहे. मग एका पारड्यात वस्तू, दुसऱ्यात पितळी मापं. काटा मधोमध थांबला की दुसरा कुणीही हात झटकून मोकळा झाला असता. बाबा मात्र पारडी बदलायचे. मापं होती तिथे वस्तू, वस्तू होती तिथे मापं, आणि पुन्हा पहिल्यापासून. याला ते फेरवजन म्हणत.

“दांडीची एक बाजू केसभर लांब असली ना, तर एकदा तोलून ते कळतच नाही,” असं ते ताईला ती शाळेत असल्यापासून सांगत आले होते. ताईला ते इतकं पाठ झालं होतं, की बाबांनी ‘दांडीची’ म्हटलं की पुढचं वाक्य तीच पुरं करायची, आणि बाबा खोटं खोटं रागवायचे.

पुढे ताई शिकून एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या कामाला लागली. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने सगळं सांगितलं. रक्ताच्या नळ्या येतात, यंत्रात जातात, आकडा येतो, आकडा पटला नाही तर पुन्हा तपासतात. बाबांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे तूही मापाडीच झालीस की!” तेव्हापासून घरात तिचं नाव मापाडी पडलं. बाहेर सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. आई जाऊन खूप वर्षं झाली होती, ताईने लग्न केलं नव्हतं, आणि घरात ही दोन माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करत आपली सुखाने राहत होती.

मग बाबांचे पाय सुजायला लागले. चप्पल घट्ट होऊ लागली तर म्हणाले, चप्पलच आटली. जिना चढताना धाप लागायला लागली तर म्हणाले, पायऱ्या उंच बांधल्यात. शेवटी आडवं झालं की श्वास कोंडायला लागला आणि ते खुर्चीत बसून झोपू लागले, तेव्हा त्यांचे विनोद संपले आणि ताईने त्यांना आपल्याच हॉस्पिटलमध्ये आणलं. हृदय थकलं होतं. आलेलं रक्त त्याला पुढे ढकलता येत नव्हतं आणि पाणी फुप्फुसात, पायांत, मिळेल तिथे साठत होतं.

आता या दुखण्यात एक तपासणी करतात. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हृदय रक्तात एक द्रव्य सोडतं. जेवढा ताण जास्त, तेवढा आकडा मोठा. एनटी-प्रोबीएनपी असं तिचं जिभेला गाठ बसेल असं नाव. बाबांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. “हृदयाचं वजन म्हण सरळ,” ते म्हणाले. बाबांच्या वयाच्या बऱ्या माणसाचा हा आकडा काही शेकड्यांत असतो. बाबांचा चौदा हजार निघाला.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या, पण माणूस समोर असलं की खुर्ची ओढून बसायच्या. त्यांनी बाबांना नीट समजावलं. शिरेतून औषध देऊन अंगातलं पाणी काढायचं, आणि घरी सोडायच्या आधी हाच आकडा पुन्हा बघायचा. तो निदान तिसऱ्या हिश्शाने तरी उतरला असेल तर माणूस घरी बहुतेक टिकतो, स्थिरावतो. उतरला नसेल तर पुढचे महिने अवघड असतात.

“अवघड म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“परत यावं लागतं. कधी कधी तेवढाही वेळ मिळत नाही.” त्या म्हणाल्या. “पण हे हजारो पेशंटांवरून काढलेलं आहे, काका. तुमचं एकट्याचं काय होईल ते मला आकड्यावरून सांगता येणार नाही.”

“हजार गिऱ्हाइकांचं सांगता आणि समोर उभं आहे त्याचं नाही, हा कसला काटा हो?” बाबा म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंना हसू आलं.

बाबांना घरी जायचं होतं. तसं सगळ्यांनाच जायचं असतं, पण बाबांच्या घरी जाण्याला एक नेमकं कारण होतं. खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलावर सोनाराचा एक जुना नाजूक काटा उघडा पडला होता. त्यांनी तो खोलला, स्क्रू एका बशीत काढून ठेवले, दांडी घासून बघितली, आणि त्याच दिवशी त्यांना श्वास पुरेना. सोनार म्हणाला होता, घाई नाही, काटा आजोबांचा आहे, नुसता कपाटात ठेवायचाय. घाई बाबांना होती. “काटा उघडा टाकून मी कधी उठलेलो नाही,” ते दिवसातून चारदा म्हणत. “तो मिटवला की मी मोकळा. मग पुन्हा आणा मला इथे, ठेवा काय ठेवायचं ते.”

वॉर्डात त्यांनी थोड्याच दिवसांत आपला दरारा बसवला. या पेशंटांचं रोज सकाळी वजन करतात, अंगातलं पाणी किती उतरलं ते कळावं म्हणून. बाबा पहिल्या दिवशी त्या काट्यावर चढले, उतरले आणि म्हणाले, “याला पासंग आहे. खोटं दाखवतोय.” सिस्टरने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिटरची सीलबंद पाण्याची बाटली काट्यावर ठेवून दाखवली, आणि काटा खरोखरच जास्त दाखवत होता. सिस्टर म्हणाली, “आजोबा, रोज सगळ्यांचं तेवढंच जास्त येतंय ना, मग बिघडलं कुठे?” बाबा दिवसभर घुश्शात होते. तेव्हापासून वॉर्ड त्यांना काटेवाले आजोबा म्हणू लागला.

शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. दुखणं तेच, वय साधारण तेच. त्यांचा आकडा आला तेव्हा सहा हजार होता. ते असे घोरायचे, की बाबांनी त्यांचं नाव शिलाई मशीन ठेवलं. “हे झोपेत पण कपडे शिवतात,” बाबा शिंपीकाकांच्या बायकोला, काकूंना, सांगायचे, आणि काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. दिवसभर दोघा म्हाताऱ्यांची कशावरून ना कशावरून जुंपलेली असायची. शर्टाच्या बाह्यांचं माप घेताना शिंपी खोटं बोलतात की काटेवाले जास्त खोटं बोलतात, इथपर्यंत वाद गेला होता.

आकडा पुन्हा बघायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी शिंपीकाकांना पंख्याचा वारा सोसेना. त्यांची खाट बरोब्बर पंख्याखाली होती. बाबा म्हणाले, “या इकडे. मला वारा लागतोच.” सिस्टर औषधांच्या फेरीवर होती. दोघांनी आपापली उशी उचलली आणि खाटा बदलल्या. काकूंनी पांघरुणं नीट केली. कुणाला सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. शाळेत बाक बदलावा तितकं ते साधं होतं.

सकाळी रक्त काढणारी सिस्टर आली. नळ्यांवर खाटेप्रमाणे चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या होत्या. माणसाला नाव विचारायचं, मनगटावरची पट्टी वाचायची, मगच सुई लावायची असा नियम आहे, आणि ती रोज तो पाळायची. पण त्या सकाळी कोपऱ्यातल्या एका नव्या पेशंटची धावपळ चालली होती, आणि हे दोघे डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेले. बाहेर आलेले दोन हात तिने बघितले आणि खाटांचे नंबर बघितले.

तळघरात घरच्या माणसाची नळी आपण लावायची नाही, दुसऱ्याला द्यायची, असाही एक नियम होता. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी ताईला तो आठवणही करून दिला होता. पण यंत्र तिच्या टेबलाजवळ, सकाळची गर्दी, आणि जिवाला लागलेला घोर. ताईने बाबांची नळी स्वतःच लावली आणि पडद्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली.

आकडा आला. अठराशे.

ताईचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. चौदा हजारांवरून अठराशे. आकड्याखाली एक लाल ओळ उमटली होती, ती तिने पाहिलीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पाहिली, पण वाचली नाही. मागच्या आणि आत्ताच्या आकड्यात फार फरक पडला की यंत्र ती ओळ दाखवतं: मागील निकालाशी जुळत नाही, नमुना पुन्हा मागवा. इतक्या वर्षांत ती ओळ आली आणि ताईने वॉर्डला फोन केला नाही असं झालं नव्हतं. नळ्यांची अदलाबदल होते, चिठ्ठ्या चुकतात, आणि चुकीच्या आकड्यावर माणसाला औषध जातं, हे ती नवीन येणाऱ्यांना घसा सुकेपर्यंत शिकवायची. त्या सकाळी तिने फोन केला तो बाबांना.

“बाबा, उतरला! मस्त उतरलाय!”

बाबा म्हणाले, “किती?”

“अठराशे.”

“अरे वा,” बाबा म्हणाले. “चला, आवरतो मग.”

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने फोन ठेवला, पाणी प्यायलं, आणि ग्लास अजून हातात असतानाच पुढच्या नळीचा आकडा पडद्यावर आला. शिंपीकाका. सहा हजारांवरून सोळा हजार. आणि खाली तीच लाल ओळ.

शेजारशेजारच्या दोन खाटा. एक आकडा दरीत, एक डोंगरावर. हे कोडं नव्हतंच. कालच कामाला लागलेल्यालाही ते सुटलं असतं. ताई स्टुलावर बसली. दोन्ही निकाल अजून तिच्याच पडद्यावर होते, सही झालेली नव्हती, वर डॉक्टरांना काही दिसत नव्हतं. जगात फक्त एकाच माणसाला एक खोटा आकडा कळला होता आणि तो तिने सांगितला होता.

ती जिना चढून वर गेली. लिफ्टची वाट बघवेना म्हणून, आणि लिफ्टमध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर बोलवणार नाही म्हणूनही.

बाबांनी दाढी केली होती. हॉस्पिटलचा सदरा काढून घरून आणलेला निळा शर्ट घातला होता, वरचं बटणसुद्धा लावलं होतं. पिशवी भरून मांडीवर घेतली होती. एवढ्यानेच त्यांना धाप लागली होती आणि ते शब्द तोडत तोडत शिंपीकाकांना सांगत होते, “आता मशीनला... तेलपाणी कुणाकडून करून घ्याल?” शिंपीकाका हसत होते. काकूंनी ताईला बघून हात जोडले. “पोरी, आमच्यांचं कळलं का गं काही?”

ताईला त्यांच्याकडे बघवेना. ती बाबांजवळ जाऊन उभी राहिली.

“फेरवजन केलंस ना, मापाडी?” बाबांनी विचारलं.

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो. हो म्हटलं असतं तर दुपारी गाडी बोलावून ती त्यांना घरी घेऊन गेली असती. बशीतले स्क्रू एकेक करून जागेवर बसले असते. काटा मिटला असता. खरा आकडा सोळा हजार असेल तर सोळा हजारच राहणार, तो इथे राहून थोडाच कमी होणार होता! हे सगळं तिच्या मनात एका झटक्यात येऊन गेलं आणि तिला स्वतःची लाज वाटली नाही, हेही खरं. पण मग सोळा हजार शिंपीकाकांच्या नावावर चढले असते. अंगातलं पाणी आधीच उतरलेल्या माणसाला आणखी पाणी काढायचं जालीम औषध गेलं असतं, आणि काकू अजून हात जोडूनच उभ्या होत्या.

“नाही बाबा,” ताई म्हणाली. “नाही केलं.”

“मग कर की,” बाबा म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शर्टाची बाही आपणच वर सारायला लागले. “दोघांचंही घे. काल आम्ही पारडी बदलली ना.”

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “तुमच्या लक्षात आलं होतं?”

“माझा श्वास मला कळतो गं. तू आकडा सांगितलास तेव्हाच वाटलं, हे माझं वजन नव्हे.”

“मग दाढी कशाला केलीत?”

बाबा बाहीशी खेळत राहिले. “म्हटलं, चुकून खरं निघालं तर,” ते म्हणाले.

फेरवजन झालं. या वेळी नळ्या भाऊंनी लावल्या. शिंपीकाका अठराशे, बाबा सोळा हजार. म्हणजे बाबांचा आकडा उतरला तर नव्हताच, चढला होता. काकूंनी ताईला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर रडल्या. त्यांना अजून बाबांचं माहीत नव्हतं. कळलं तेव्हा त्या आपलं सामान आवाज न करता भरू लागल्या. निघताना शिंपीकाका बाबांच्या खाटेजवळ आले. बाबा म्हणाले, “जा हो. तुमच्याशिवाय झोप लागते का बघतो.”

डॉक्टरीणबाईंनी ताईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आपणही शेजारी बसल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. शिरेतून द्यायचं आणखी एक औषध होतं, हृदयाला रेटा देणारं. ते दिलं तर थोडे दिवस इथेच, तारांना जोडून राहावं लागेल. गुण येईलच असं नाही. दुसरं म्हणजे घरी न्यायचं. धाप लागू नये एवढं औषध देऊ, एक सिस्टर घरी येऊन बघून जाईल. “दोन्ही बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यांना काय हवंय ते बघा.”

“औषध देऊ,” ताई म्हणाली. तिने दम घ्यायलाही वेळ घेतला नाही.

ती आत गेली तेव्हा बाबा अजून निळ्या शर्टातच होते. तिने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“खरा आकडा काढलास, शाबास,” बाबा म्हणाले. “आता तो वाच की. मला घरी ने.”

“बाबा, हे औषध नवीन आहे. चांगलं आहे. थोडेच दिवस. माझ्यासाठी.”

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ते असं फक्त काट्याकडे बघायचे. मग त्यांनी वरचं बटण काढलं, त्याखालचं काढलं, आणि शर्ट तिच्या हातात दिला. “बरं. मापाडी म्हणेल तसं.”

मला विचाराल तर ताई चुकली ती इथे. टेलिफोनवर नाही. तिथे तिने चूक केली आणि जिना चढून ती निस्तरली. पण ज्या आकड्यासाठी तिने एवढं केलं, तो हातात आल्यावर तिने त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि अशा वेळी लाल ओळ दाखवणारं यंत्र कुणाकडेच नसतं. तिला दोष तरी कोण देणार! बाप आहे तोवर आपण कुणाची तरी लेक असतो, आणि ते सोडून द्यायची तिची तयारी नव्हती.

पुढचे दिवस बाबा खिडकीकडे तोंड करून बसून असत. हाताला नळी, छातीला तारा. ताई कामाच्या आधी येई, कामानंतर येई, मधल्या सुट्टीत येई. ती म्हणाली, काटा इथे आणून देते. बाबा म्हणाले, “इथलं टेबल हलतं. आणि बशीला हात लावू नकोस, एक स्क्रू हरवला तर मिळायचा नाही.” मग एका दुपारी त्यांनी तिला जवळ बोलावलं. “बस. कसा मिटवायचा ते सांगतो. आधी दांडी, मग मधली सुई. सुई बसवताना श्वास रोखायचा...”

“बाबा, तुम्ही घरी आल्यावर कराल ना,” ताई म्हणाली.

“अगं, नुसतं ऐकून ठेव.”

“नको. तुम्हीच करा.”

ते ऐकून घेणं म्हणजे कबूल करणं होतं, आणि ती ते करणार नव्हती. बाबा थांबले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. नंतर कितीतरी दिवस ताईला ते अर्धं वाक्य आठवून आठवून रडू यायचं. सुई बसवताना श्वास रोखायचा, आणि पुढे काय?

मग एका सकाळी सिस्टर रक्त काढायला आली. अदलाबदलीनंतर ती प्रत्येकाला नाव विचारायची, पट्टी वाचायची, पुन्हा विचारायची. बाबा म्हणाले, “तेच आहे गं बाई, रात्रीतून बदललं नाही.” नळी खाली गेली. थोड्या वेळाने ताई आली. तिने त्यांचे केस विंचरले, उशी सरळ केली.

“आज बरं वाटतंय,” बाबा म्हणाले.

ताईचं तोंड उजळलं. “बघा! मी म्हटलं नव्हतं?” ती थर्मासमधून चहा ओतायला वळली. कप भरला, झाकण लावलं, वळली. बाबा खिडकीकडेच बघत होते. यंत्र ओरडायला लागलं तेव्हा तिला कळलं, की ते बघत नाहीयेत.

सगळे धावले. जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. ताई भिंतीला टेकून उभी होती आणि चहाचा कप तिच्या हातात तसाच होता. शेवटी डॉक्टरीणबाई तिच्याजवळ आल्या, त्यांनी आधी तिच्या हातातला कप काढून घेतला, आणि मग तिचे हात हातात घेतले.

वरचं सगळं आटपायला वेळ लागणार होता. कुणीतरी म्हणालं, खाली जाऊन पर्स घेऊन ये, घरी जाताना लागेल. ताई जिना उतरून प्रयोगशाळेत आली. यंत्रं चालू होती, फ्रिज गुरगुरत होते, सकाळच्या नळ्या रांगेत उभ्या होत्या. तिच्या टेबलाच्या कडेला एक नळी वेगळी काढून ठेवलेली होती.

भाऊ उठून उभे राहिले. “ती मी टाकून देतो, ताई. तू जा.”

“लावू दे,” ताई म्हणाली.

नियम होता, तो त्या दोघांनाही माहीत होता. भाऊ बाजूला झाले. ताईने नळी लावली आणि स्टुलावर बसून राहिली. यंत्र आपल्या वेळेने काम करत होतं. कुणाचं रक्त आहे, तो माणूस आहे की गेला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कुणीतरी येऊन तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. तिने तो पाहिला नाही.

आकडा आला. सात हजार.

निम्म्याहून जास्त उतरला होता. औषध लागू पडत होतं. बाबांना खरंच बरं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंच्या हजारो पेशंटांच्या हिशेबात ते आज घरी जाणाऱ्यांत बसले असते. ताई त्या आकड्याकडे बघत राहिली आणि त्याच्याखाली, नेहमीच्या जागी, लाल ओळ उमटली. मागील निकालाशी जुळत नाही, नमुना पुन्हा मागवा.

ताईचा हात फोनकडे गेला. तो सवयीने गेला, इतक्या वर्षांच्या. तिने वॉर्डचा नंबर फिरवला. भाऊ पुढे झाले, पण त्यांना तो हात धरवला नाही.

“वॉर्ड, बोला,” पलीकडून सिस्टर म्हणाली. सकाळी रक्त काढणारी, तीच होती. “हॅलो? लॅबमधून ना? कुणाचं पुन्हा हवंय?”

“बाबांचं,” ताई म्हणाली. “माझ्या बाबांचं. फेरवजन करायचंय.”

पलीकडे सिस्टर काही बोलली नाही, आणि तिने फोनही ठेवला नाही.